धुळीतले जस्त आणि चंद्रपूरची धूळ



घुग्घुसला वर्षानुवर्षे स्पंज आयर्न तयार होते. सुरजागडच्या लोहखनिजावर आता गडचिरोलीत कोनसरी येथेही लोहप्रकल्प उभा राहिला आहे. भट्टी तेथे धूळ, हे आपल्या माता-भगिनींना कोणी शिकवायला नको. वाळत घातलेली धुणीच ते सांगतात. या धुळीतून ‘हरित द्रावका’ने मौल्यवान धातू काढू, अशी आशा कोणी दाखवली तर ती पारखून घ्यावी.

पोलादाचा रस सुमारे १६०० अंशांचा असतो. जस्त ९०७ अंशांवरच उकळते. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे भंगार म्हणून विद्युत भट्टीत पडले की जस्ताची वाफ धुराबरोबर वर जाते आणि ऑक्साइड होऊन गाळणीच्या पिशव्यांत अडकते. टनामागे साधारण १५ ते २० किलो धूळ निघते, आणि तिचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक जस्त असू शकते. सोबत शिसे आणि कॅडमियमही. ही पळणारी वाफ मातीच्या मुशीतून खाली उतरवून थंड करण्याची युक्ती राजस्थानातील जावरच्या कारागिरांनी कित्येक शतकांपूर्वी साधली होती. आज बहुधा ही धूळ कोळशासह हजार अंशांहून तप्त अशा फिरत्या भट्टीत भाजतात. इंधन अफाट लागते.

इंग्लंडमधील लीस्टर विद्यापीठाच्या अँड्र्यू अ‍ॅबट यांनी निराळी वाट दाखवली. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. युरिया तर आपल्या शेतकऱ्याच्या घरचाच. पहिले ३०२ अंशांवर वितळते, दुसरे १३३ वर. परंतु रेणूंच्या हिशोबाने एकास दोन मिसळले की मिश्रण १२ अंशांवरच द्रवरूप होते! माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसाला हा चमत्कारच वाटला. त्यांच्या गटाने तो २००३ साली प्रसिद्ध केला आणि २००९ साली अशा द्रावकांचे भट्टीच्या धुळीवरील प्रयोग मांडले. जस्त-शिशाची ऑक्साइडे विरघळतात, लोखंडाची जवळजवळ नाहीत. द्रवात जस्ताची भुकटी टाकली की शिसे खाली बसते. मात्र लोखंडाशी संयोग पावून झिंक फेराइट झालेले जस्त या द्रावकाला फारशी दाद देत नाही, आणि धुळीत त्याचा वाटा बराच असतो.

आता आपल्याकडे वळू. खनिजापासून स्पंज आयर्न करताना भंगार वापरले जात नाही. त्या धुळीत लोह आणि कोळशाचा अंश सापडेल, जस्त हाती लागणार नाही. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या जालन्यात आहेत. जस्ताचा प्रयोग करायचा तर तेथे करावा. चंद्रपूरचा धातू मँगनीज. १९७४ साली स्थापन झालेला आणि २०११ साली ‘सेल’मध्ये विलीन झालेला महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट त्याचीच मिश्रधातू करीत आला. मँगनीजयुक्त धुळीच्या विटा करून त्या पुन्हा भट्टीत घालता येतात. त्यासाठी परदेशी द्रावक कशाला?

तरीही द्रावकाचा प्रकल्प घेऊन कोणी आलेच, तर धूळ कोणत्या भट्टीची, तिच्यात फेराइट किती, हे आपल्या तरुण अभियंत्यांनी विचारावे. आणि द्रवात उतरलेले शिसे-कॅडमियम शेवटी कोठे जाणार, हे वर्धा नदीकाठच्या गावांनी विचारावे. तेही जागा देण्यापूर्वी.