घरातलं काम, हातातलं बिल आणि ग्राहकाचा हक्क
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेले भाषण)



‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. आपली घरं बांधून २५ वर्षं झाली. आता ‘घर पाहावं दुरुस्त करून’ अशी वेळ आली आहे. कुणाच्या ओट्याखालची कपाटं बदलायची आहेत, कुणाची बाथरूमची लादी, कुणाच्या खिडक्या. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या मजल्यावर ड्रिलचा आवाज असतोच. यात प्रत्येकाचे दोन-चार लाख सहज जातात, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचे ते निवृत्तीचे पैसे असतात. म्हणून आज याच विषयावर बोलतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघराचं काम केलं. सौ.नी आग्रह धरला, की प्लाय पाण्याला टिकणारा मरीन हवा आणि बिलावर तसं लिहून हवं. मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक आयएस ७१०. साध्या प्लायचा आयएस ३०३. दुकानदाराने बिलावर ‘७१०’ लिहिलं, दरही त्याचाच लावला. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचं कपाट फुगलं. दुकानदार म्हणाला, “काका, पावसाळ्यात लाकूड फुगणारच!” फळीच्या मागच्या बाजूला लॅमिनेट नव्हतं. टॉर्च धरून पाहिलं, तर तिथे शिक्का होता ३०३ चा.

भांडणात वेळ घालवला नाही. फोटो काढले आणि पत्र लिहिलं: अमुक तारखेचं बिल, त्यावर हा क्रमांक, फळीवर हा क्रमांक, १५ दिवसांत बदलून द्या, अन्यथा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. बिलाची प्रत जोडून स्पीड पोस्टाने पाठवलं. बाराव्या दिवशी सुतार दारात हजर. कपाटं बदलली, मजुरीसुद्धा दुकानदाराने सोसली.

आता समजा, ते बिलच नसतं तर? “बिल नको म्हणा काका, १८ टक्के वाचतील,” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्या १८ टक्क्यांत कर वाचतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे आपला पुरावा जातो. आम्ही बँकवाले कागदाला फार चिकटतो म्हणून लोक हसायचे. पण तोंडी शब्दाला साक्षीदार नसतो. बिल न देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे लक्षात ठेवा.

आता थोडं कायद्याविषयी. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी दुकानात असली, तरी सदोष मालाला ती लागू नाही. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देणं नाकारणं हीही अनुचित प्रथाच. वस्तूतला दोष आणि कामातली त्रुटी, दोन्हींसाठी दाद मागता येते.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मार्गदर्शन मिळतं आणि पुष्कळदा समेट होतो. नाहीच झाला, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. दुकान पुण्यात असो की दिल्लीत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ऑनलाइनही करता येते. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

कायदा म्हणतो निकाल ३ महिन्यांत, माल प्रयोगशाळेत तपासावा लागला तर ५ महिन्यांत. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे मी लपवणार नाही. म्हणून आयोगापर्यंत जायची वेळच येऊ नये, अशी तयारी आधी करावी:

१. कोटेशनमध्ये कंपनी, प्रत, जाडी, मानक क्रमांक लिहून घ्या. माल आला की सुतार कापायच्या आत शिक्का पाहा, फोटो काढा.
२. पैसे चेकने किंवा यूपीआयने द्या. शेवटचा हप्ता काम तपासल्यावरच.
३. दोष दिसला की लगेच लेखी कळवा. खराब फळी, फुटकी लादी भंगारात देऊ नका, तोच पुरावा.
४. गॅरंटी कार्डवर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. “आहे हो गॅरंटी” याला अर्थ नाही.

एक शब्द कार्यकारिणीसाठी. कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात सहकारी संस्थाही येते. म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग गळलं तर संस्थाही दाद मागू शकते. पण गॅरंटी अनेक वर्षांची असते आणि तोवर कमिटी बदलते. पाचव्या वर्षी पाणी गळतं आणि कागद जुन्या सचिवांच्या कपाटात! तेव्हा कार्यभार देताना गॅरंटीच्या कागदांची वेगळी फाइल सही घेऊन सोपवावी, अशी माझी विनंती आहे.

शेवटचं एवढंच. आपल्याकडे एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची घरं बरीच आहेत. त्यांच्याकडे काम निघालं, तर शेजारच्या तरुणांनी कोटेशन एकदा वाचून द्यावं. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यांची पुंजी वाचेल. आणि कुणाला तक्रारीचं पत्र लिहायचं असेल, तर संध्याकाळी मी बागेतल्या बाकावर असतोच. येताना बिल घेऊन या!