माळ्यावर चढेल तेवढाच दिवाणखाना



गुळगुळीत कागदाच्या मासिकांत दिवाणखान्यांचे फोटो येतात. चुन्याच्या भिंती, खाली लाल कोबा, कोपऱ्यात पितळी हंडा, तुळईला टांगलेला झोपाळा. खाली एखाद्या नामवंत सजावटकाराचं नाव छापलेलं असतं. खर्च किती आला ते मात्र छापत नाहीत. महाड-पोलादपूरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसापुढे तो फोटो धरा. तो चष्मा पुसून म्हणेल, "ही तर आमची ओटी!"

ओटी होतीच तशी. मग मुंबईहून चाकरमानी आणि कुवेत-दुबईहून आमची मंडळी पैसा घेऊन आली. कोब्यावर चकचकीत फरशी बसली, भिंतींना तेलरंग लागला, हंडे-कळश्या मोडीत गेल्या आणि दारातून मावेना असा सोफासेट आत आला. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याने पंधरा वर्षं एका खोलीत आठ जणांबरोबर काढली, त्याला गावी आल्यावर मऊ बसावंसं वाटणारच. पण जुनी घरं मोडली तेव्हा सागवानी दारं, खांब फुटाच्या भावाने विकले गेले. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात अशीच दारं टेबलं होऊन उभी असतात, आणि तिथला भाव ऐकला की आपण विकणाऱ्यांतले होतो याची आठवण न झालेली बरी.

आता महाडचं वेगळेपण सांगतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून उतरते आणि महाडला तिला गांधारी मिळते. खाडीला भरती असली की पाण्याला पुढे वाट राहत नाही, ते गावात शिरतं. २००५च्या जुलैने तालुक्यात दरडींखाली माणसं नेली. २२ जुलै २०२१ला तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात महाड शहराचे तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर घराघरासमोर ढीग पडले होते, त्यांत सगळ्यात जास्त काय होतं? सोफे, गाद्या आणि भुसा दाबून केलेल्या बोर्डाची कपाटं. हा बोर्ड चहात पडलेल्या बिस्किटासारखा फुगतो, आणि मग सुतारही हात लावत नाही. हप्ते मात्र चालू राहतात.

माझ्या भाचीचं घर जुन्या महाडात आहे. तुळया लाकडी, वर माळा, तळाची खोली चिखलाने भरलेली. साफसफाई झाल्यावर काही महिन्यांनी तिने मोबाइलवर तसलाच एक फोटो दाखवला.

"मामू, अशी खोली करायचीय. जवळ २५ हजार आहेत."

"कर. पण एक अट. खोलीतली प्रत्येक वस्तू एकतर पाण्यात राहून शाबूत निघाली पाहिजे, नाहीतर दोघांनी उचलून अर्ध्या तासात माळ्यावर गेली पाहिजे."

या एका अटीनेच तिचे निम्मे पैसे वाचले, कारण दुकानातल्या बहुतेक वस्तू तिथेच बाद झाल्या.

सुरुवात भिंतींपासून झाली. पुरानंतर भिंत महिनोन्‌महिने ओल धरते आणि तेलरंग त्या ओलीला बाहेर पडू देत नाही, म्हणून पोपडे येतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, त्यावर बुरशीही सहजी धरत नाही. जुना रंग मात्र खरवडून काढावा लागतो, त्यावर चुना टिकत नाही; हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. कळीचा चुना रात्रभर भिजत घालायचा. त्या वेळी पाणी खळखळ उकळतं, मुलांना लांब ठेवा, डोळे सांभाळा. सकाळी गाळून दुधासारखा पातळ करायचा, त्यात थोडं मीठ, डिंकाचं पाणी आणि निळीचे चार थेंब. भिंतीवर पाणी मारून मग तीन हात द्यायचे. पहिला हात दिला की भिंत मळकटच दिसते, आणि भाची नाराज झाली. वाळल्यावर पांढरेपण वर येतं. मग तिची दुसरी तक्रार. "मामू, दवाखाना वाटतोय!" एका भिंतीच्या चुन्यात पिवडी घातली, तक्रार मिटली.

बसायला काय? लॉरी बेकर नावाचे इंग्रज वास्तुकार केरळात अनेक वर्षं स्वस्त घरं बांधत राहिले, २००७ साली तिथेच वारले. भिंतीबरोबर बांधून काढलेली बैठक आणि मोडलेल्या घरांच्या दारं-खिडक्यांचा पुन्हा वापर, हे त्यांच्या घरांत दिसतं. आपल्या ओटीवरच्या कट्ट्याचीच ती जात. गवंड्याने दोन भिंतींना लागून विटांचा कट्टा घातला, दोन फूट रुंद, वर कडप्पा. हा कट्टा पुरात जागचा हलणार नाही, चिखल धुतला की झालं. वर पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या पातळ गाद्या, गुंडाळून एका हाताने उचलता येतील अशा. चुना पाठीला लागतो, म्हणून टेकायच्या जागी जुन्या साड्यांची गोधडी लावली. आलेले पाहुणे आधी गोधडीकडेच पाहतात.

दिव्यासाठी बुरुडाकडून रोवळी आणली, उलटी टांगली, आत एलईडी दिवा. हा दिवा फारसा तापत नाही म्हणून हे जमतं. पूर्वीच्या पिवळ्या बल्बने बांबू करपला असता. भिंतभर जाळीची सावली पडते. बुरुडाला हे कळल्यावर तो म्हणाला, "तांदूळ धुवायचे सोडून उजेड गाळायला लागलात होय!" मी कवी, पण ही ओळ त्याची.

पितळ घरातच निघालं. मोडीतून वाचलेला एक हंडा आणि तांब्या, चिंच-राखेने घासले. अमेरिकेतलं चार्ल्स आणि रे इम्स हे डिझायनर जोडपं १९५८ साली आपल्या सरकारच्या निमंत्रणावरून देश फिरलं. त्यांच्या अहवालात सुंदर वस्तू म्हणून ज्याचं भरभरून कौतुक आहे तो आपला साधा तांब्या, लोटा. पुढे १९६१मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्या मुळाशी हा अहवाल आहे. आपण तोच तांब्या मोडीत देऊन स्टीलचे डबे घेत होतो.

पुस्तकांची फळी छताजवळ आहे. तिथे माझेही दोन संग्रह आहेत. त्यांना एरवीही कोणी हात लावत नाही, पाण्याने का लावावा?

राहिला झोपाळा. तुळईत जुन्या कड्या होत्याच, फळी नव्हती. पोलादपूरकडच्या एका गावात चाकरमान्यांचं घर उतरवत होते, तिथे सागवानी फळी मिळाली. तिची वाहतूक आणि साखळ्या मिळून २५ हजारांतली उरलेली रक्कम संपली, वर थोडे मी घातले. सुताराने साखळ्यांना मधे दोन जादा आकडे बसवून दिलेत. फळी वर ओढायची आणि आकड्यांनी थेट तुळईला अडकवायची.

पुढच्या एका पावसाळ्यात रात्री पाणी चढू लागलं. तिने आणि जावयाने गाद्या, गोधडी, रोवळी माळ्यावर नेली, झोपाळा वर घेतला. वीस मिनिटं लागली. मग दोघं माळ्यावर बसून खिडकीतून रस्ता पाहत राहिली. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि पहाटे फिरलं. मी सकाळी गेलो तेव्हा खोलीत फक्त कट्टा आणि हंडा होता, आणि भाची झाडू मारत होती.