अद्भुतकथा आणि आपला माणूस : एका परीक्षण-मंडळाची गरज
(आषाढ पौर्णिमेस वर्षावासारंभी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही आमचे चार शब्द आपणांपुढे ठेवीत आहोत. दरवर्षी वर्षावासाच्या आरंभी आपण ग्रंथवाचनाचा संकल्प करतो. यंदा त्या संकल्पाला एक लहानशी जोड द्यावी, अशी सूचना घेऊन आम्ही उभे आहोत. आपल्या वस्तीतील जी मुले-मुली गोष्टी लिहितात, विशेषतः राक्षस, पऱ्या, जादूची नगरे, परग्रहावरील माणसे अशा अद्भुत गोष्टी लिहितात, त्यांचे लिखाण एकत्र बसून वाचण्याचे व तपासण्याचे एक मंडळ या टेमघरात सुरू करावे, ही ती सूचना होय.

कोणी म्हणेल, समाजापुढे प्रश्न काय कमी आहेत? मुलांना नोकऱ्या नाहीत, यंत्रमागाचा धंदा कधी चालतो कधी बसतो, आणि हे राक्षस-पऱ्यांचे काय घेऊन बसले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आमच्या हातून घडलेली एक चूक आपणांस सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या संस्कारवर्गासाठी आम्ही एक छोटे नाटुकले लिहिले. त्यात एक राजपुत्र होता, एक हरवलेला मणी होता, आणि तो मणी चोरणारा रानातला एक मांत्रिक होता. त्या मांत्रिकाला आम्ही कातकरी केले. का केले, याचे उत्तर तेव्हाही आमच्यापाशी नव्हते. रान म्हटले की मांत्रिक आणि मांत्रिक म्हटले की कातकरी, एवढे आमच्या मनात आपोआप जुळले होते. नाटुकले झाले, टाळ्या पडल्या. वर्गात वीटभट्टीवरच्या एका कातकरी कुटुंबातला मुलगा येत असे. तोही सर्वांबरोबर हसला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. चौकशी केली तेव्हा त्याची आई एवढेच म्हणाली, ‘‘पोरं त्याला मणीचोर म्हणतात.’’

मित्रहो, ज्यांच्या आजा-पणजांना इतरांच्या गोष्टींनी शतकानुशतके खालचे ठरविले, त्या आम्ही लेखणी हातात येताच दुसऱ्याला खालचे ठरविले. त्यात द्वेष नव्हता, परंतु मुलगा वर्गातून गेला तो गेलाच. त्या नाटुकल्याच्या तीन तालमी झाल्या होत्या. दहा-बारा मोठी माणसे हजर होती आणि एकानेही ‘हे बरोबर नाही’ असे म्हटले नाही. म्हणावयाची आपल्याकडे रीतच नव्हती. ती रीत घालावी, यासाठी हे मंडळ.

वास्तव कथेत माणूस कसा रंगवावा, याचा विचार मराठीत पुष्कळ झाला आहे. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊ साठे यांनी शेषनागाच्या मस्तकावरची पृथ्वी उचलून दलितांच्या तळहातावर ठेवली. पुराणातील एक अद्भुत कल्पना घेऊन तिच्यातला भार वाहणारा कोण, हा प्रश्न त्यांनी एका वाक्यात बदलून टाकला. १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले, त्याचे मेळावे भरविले आणि खेड्यापाड्यांतील लिहित्या मुलांना बोलणारे वाचक मिळवून दिले. आपल्या साहित्याची ही परंपरा अनुभवाची आहे. मात्र अद्भुतकथेच्या प्रांतात आपली पावले कमी पडली. तो प्रांत आपण ‘खोट्या गोष्टींचा’ म्हणून सोडून दिला.

आपण सोडला तरी आपल्या मुलांनी तो सोडलेला नाही. आमच्या पिढीने ‘चांदोबा’ वाचला, आजची मुले मोबाइलवर चित्रपट पाहतात. २०१५ सालचा ‘बाहुबली’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यात राज्यावर चालून येणारी कालकेयांची टोळी आठवा. काळीकुट्ट, विक्रमी क्रूर, आणि तिच्या तोंडी कोणालाच न कळणारी घडविलेली भाषा. आता आपल्या मुलांना गोष्ट लिहावयास सांगा. राजकन्या गोरीपान, राक्षस काळा, आंधळा म्हातारा शापित, लंगडा कपटी, रानातला माणूस चोर! लिहिणारी मुलगी स्वतः सावळी असते, तिची आई सावळी असते, आणि तरी तिच्या गोष्टीत चांगले माणूस गोरेच असते. गोष्ट खोटी असली तरी तिचा परिणाम खरा असतो.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. आमच्याच एका ज्येष्ठ काकांनी तो घेतला. ते म्हणाले, ‘‘बाबासाहेबांनी आपल्याला चमत्कारातून बाहेर काढले. तुम्ही पोरांना पुन्हा चमत्कारात ढकलता काय?’’ या आक्षेपाचा आम्ही आदर करतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धिवादाला दिलेले स्थान आपण जाणतोच. परंतु अंधश्रद्धा आणि अद्भुतकथा या दोहोंत फरक आहे. बुवा म्हणतो, ‘हे खरे आहे, पाया पड, पैसे ठेव.’ कथाकार म्हणतो, ‘ही गोष्ट आहे, ऐक आणि विचार कर.’ पहिल्याला रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला, तो योग्यच झाला. दुसऱ्याला रोखण्याचे कारण नाही. शिवाय आपल्या जातककथांत बोलणारी हरणे आहेत, मोर आहेत, समुद्र आहेत. त्या आपण इतिहास म्हणून न मानताही त्यांतला बोध घेतोच.

या जातकांतच आपल्या विषयाचा उत्तम पाठ सापडतो. सुप्पारक जातक पाहा. भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच. तेथील एक खलाशी खाऱ्या पाण्याने दृष्टी गमावतो. पुढे राजाकडे पारख करण्याच्या कामी लागतो. हाताने चाचपून तो हत्तीची खोड सांगतो, तरी राजा त्याच्या हातावर आठ नाणी टेकवतो. तो नोकरी सोडून घरी येतो. मग व्यापारी त्यालाच जहाजाचा नाखवा नेमतात आणि तो आंधळा नाखवा अनोळखी, भयानक समुद्रांतून जहाज सुखरूप परत आणतो. सुप्पारक हे नाव आपल्या शेजारच्या वसई तालुक्यातील सोपाऱ्याचेही प्राचीन नाव. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला. या कथेत आंधळेपण हा शाप नाही की दयेचा विषय नाही. तो माणूस आपल्या कामात तरबेज आहे आणि त्याला मिळालेली मजुरी कमी आहे, ही गोष्टही कथेला ठाऊक आहे.

दुसरे मातंग जातक. दिट्ठमंगलिका नावाची श्रेष्ठीकन्या वेशीपाशी चांडाल दिसला म्हणून डोळे धुते, तिच्या बरोबरची माणसे त्या मातंगाला मारतात. तो मातंग तिच्या बापाच्या दारात सात दिवस पडून राहतो. तो मातंग म्हणजेच बोधिसत्त्व! इतक्या प्राचीन काळी चांडालाला नायक करणारी ही कथा आपल्या अभिमानाची आहे. परंतु आपल्या मंडळात ही कथा आली तर आपण काय विचारू? आपण विचारू की, मातंगाला मान मिळावा म्हणून त्याला ऋद्धी मिळवावी लागली, मग ज्याला ऋद्धी नाही त्या मातंगाचे काय? आपण विचारू की, दिट्ठमंगलिकेला बापाने देऊन टाकले, तिला कोणी विचारले का? आपल्या आवडत्या कथेलाही असे प्रश्न विचारता आले, तर परीक्षण जमू लागले असे समजावे.

जगातही हा विचार चालू आहे. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत जादूगार नायक तांबूस-तपकिरी वर्णाचा केला. २००४ साली त्यावर दूरचित्रवाणी मालिका निघाली तेव्हा तो गोरा झाला, आणि लेखिकेने जाहीर निषेध केला. कृष्णवर्णीय लेखिका ऑक्टेव्हिया बटलर १९७० साली क्लॅरियन नावाच्या लेखन-शिबिरात गेल्या. तेथे लेखक एकमेकांचे लिखाण वाचून तपासतात. त्यांच्यावरील एका ग्रंथाच्या सहसंपादक म्हणून बंगालच्या दलित लेखिका मिमी मंडल यांना २०१८ साली ह्यूगो पुरस्काराचे नामांकन मिळाले. तेव्हा हा प्रांत आपला नाही, असे आपल्या मुलींनी मानण्याचे कारण नाही.

आता मंडळ चालवावे कसे? यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. आपल्या भिक्खू संघाने ही पद्धत अडीच हजार वर्षांपूर्वी घालून दिली आहे. वर्षावास संपताना पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की, माझ्यात दोष दिसला असेल, ऐकला असेल किंवा शंका आली असेल तर सांगा. आरंभ ज्येष्ठापासून होतो. स्वतः भगवंतांनीही संघाला असे विचारल्याचे संयुत्त निकायात आले आहे. दोष सांगणाऱ्यासाठीही पाच पथ्ये आहेत : योग्य वेळी सांगावे, खरे तेच सांगावे, मृदूपणे सांगावे, हिताचे सांगावे आणि मैत्रीचित्ताने सांगावे. परीक्षणाचे यापेक्षा चांगले नियम आम्हांस ठाऊक नाहीत.

त्याआधारे आमची योजना अशी आहे.

एक, सहा ते आठ जणांनी पंधरवड्यातून एका रविवारी विहारात दोन तास बसावे. त्यात निम्मे विद्यार्थी असावेत आणि मुली हव्यातच.

दोन, गोष्टीच्या झेरॉक्स आठवडाभर आधी वाटाव्यात आणि त्यांवर लेखकाचे नाव नसावे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठविली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. नावाचा दबाव नको म्हणून त्यांनी जे केले, तेच आपण करावे. मोठ्याच्या गोष्टीला भीड नको आणि लहानाच्या गोष्टीला हेटाळणी नको.

तीन, लेखकाने चर्चेत आधी फक्त ऐकावे, उत्तर शेवटी द्यावे.

चार, प्रत्येक गोष्टीला काही प्रश्न ठरलेलेच विचारावेत. यातील चांगले कोण, वाईट कोण, आणि त्यांचा रंग, बोली, आडनाव, देह यांवरून ते ओळखू येतात काय? जो परका आहे, त्याला घर, काम, विनोद, आवडनिवड आहे काय? तो केवळ नायकाला मदत करून मरण्यासाठीच आला आहे काय? आणि आपला माणूस सदा सद्गुणीच आहे काय? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. केवळ पुतळा उभा केला की माणूस दिसेनासा होतो.

पाच, ज्या समाजाबद्दल लिहिले त्यातील वाचक शक्यतो बोलवावा. आपल्या भिवंडीत आगरी आहेत, कोळी आहेत, वारली-कातकरी आहेत, कोकणी मुसलमान आणि मोमीन आहेत, तेलुगू पद्मशाली आहेत, बिशीत जेवणारे उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर आहेत. एवढी माणसे शेजारी असताना त्यांच्याविषयी न विचारता लिहिणे हा आळस होय. मात्र आलेल्या पाहुण्याने साऱ्या समाजाच्या वतीने प्रमाणपत्र द्यावे, अशी अपेक्षा धरू नये. ‘नाही’ म्हणण्याचा त्याचा हक्क मानावा.

सहा, वर्षावासाच्या तीन महिन्यांत जे तयार होईल त्याचे एक हस्तलिखित काढून १४ ऑक्टोबर रोजी विहारात ठेवावे. निवड झाली नाही म्हणून कोणाचेही पान फाडू नये.

खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा आणि चहाचा. तो संस्थेने उचलावा, अशी कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे.

विद्यार्थी मित्रहो, विषय शोधावयास लांब जाऊ नका. उल्हास नदीचे पाणी शहाडला उचलले जाते, आपल्या टेमघरला शुद्ध होते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जाते. समजा, एखाद्या गोष्टीत या पाण्याला स्मरण असेल. त्याला १९२७ चे चवदार तळे आठवत असेल, कोणाची ओंजळ अडविली गेली तेही आठवत असेल. मग आज ते पाणी कोणाच्या नळाला पोहोचते आणि कोणाच्या हंड्याला नाही, याविषयी ते काय बोलेल? ही गोष्ट आमच्यापेक्षा तुम्ही चांगली लिहाल.

शेवटी आमच्या बाजूचे. पवारणेचा आरंभ ज्येष्ठापासून होतो, म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही आमचे तेच नाटुकले तपासणीस ठेवणार आहोत, कातकरी मांत्रिकासह, एक शब्द न बदलता. वीटभट्टीवरच्या त्या माउलीकडेही आम्ही जाऊन आलो. बैठकीला याल का, असे विचारले. तिने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. तो मुलगा आता मोठा झाला आहे. तो आला तर त्याने बोलावे आणि आम्ही ऐकावे. न आला तरी त्याची खुर्ची आम्ही मांडून ठेवू.



नमो बुद्धाय! जय भीम!