आकडा आधी सांगा

(मंडळाच्या गणेशोत्सवात, इंदूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने विषय दिला, 'घरातला मुका जीव'. यावर गोड गोड बोलता आलं असतं. पण आम्ही पदविका घेऊन राज्य शासनाच्या पशुचिकित्सालयात काम करणारी माणसं. आम्ही डॉक्टर नाही. डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली सलाईन लावणं, जखमा धुणं, लसी सांभाळणं, चावऱ्या कुत्र्याला मुसकं बांधणं ही आमची कामं. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे उभ्या माणसांचे चेहरे आम्हाला फार जवळून दिसतात. कुत्रं आजारी आहे, उपचार आहे, पण पैसे पुरत नाहीत, हे त्या चेहऱ्यांवर लिहिलेलं असतं. तोंडाने मात्र कोणी बोलत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

आपल्याकडे दाखला लगेच दिला जातो धर्मराजाचा. कुत्र्याला सोडून त्याने स्वर्गात जायचं नाकारलं. दाखला मोठाच आहे. पण मंडळी, धर्मराजाला त्या वेळी मुलांची फी भरायची नव्हती आणि घराचा हप्ताही नव्हता. आपल्याला आहे. म्हणून ज्याच्यापाशी पैसे कमी, त्याची माया कमी, असं आम्ही कधी मानत नाही. तुम्हीही स्वतःबद्दल मानू नका.

खरी अडचण आहे ती भिडेची. आपल्या जुन्या घरांमधून दवाखान्यात भाव विचारणं कमीपणाचं वाटतं. मग माणसं येतच नाहीत. 'दोन दिवस बघू' म्हणतात. भीड ही भिकेची बहीण, ते इथे अक्षरशः खरं ठरतं. गोचिडीमुळे येणारा ताप घ्या. कुत्रं मलूल आहे, खात नाही, हिरड्या पांढरट दिसताहेत, एवढ्यावर आणलं तर बहुतेक वेळा साध्या गोळ्यांच्या कोर्सवर भागतं. तेच उशिरा आणलं, तर रक्त इतकं उतरलेलं असतं की दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवायची वेळ येते. मादीच्या गर्भाशयात पू होतो, तेही तसंच. माजावर येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत ती फार पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, अंगावरून घाण जाऊ लागली, तर त्याच दिवशी निघा. उशीर झाला की विष अंगात भिनतं. शस्त्रक्रिया तीच असते, पण धोका आणि खर्च दोन्ही वाढतात.

म्हणून आमची पहिली विनंती अशी की आकडा आधी सांगा. 'डॉक्टरसाहेब, आमच्याकडे ६,००० रुपये आहेत, याच्यापुढे जमणार नाही. यात जास्तीत जास्त चांगलं काय होईल?' हे वाक्य म्हणायला जड जातं, पण त्याने डॉक्टरांचं काम सोपं होतं. मग ४ प्रश्न विचारा. आजार बरा होणारा आहे, की फक्त सांभाळायचा आहे? आज काही केलं नाही, तर काय होईल? ही जी तपासणी सांगताय, तिच्या निकालाने औषध बदलणार आहे का? आणि काहीच जमलं नाही, तरी दुखणं कमी करायला किमान काय देता येईल? तिसरा प्रश्न विसरू नका. तपासणीने उपचार बदलणार नसेल, तर ती थांबू शकते.

पैसे वाचवायला एक गोष्ट मात्र कधी करू नका. आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी बिघडते.

आता एका घराची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. घरात १३ वर्षांची पामेरियन. दोन्ही किडन्या निकामी होत आलेल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ही बरी होणार नाही. खाजगीत भरती करून रोज सलाईन दिलं, तर काही दिवस, कदाचित काही आठवडे वाढतील. आजोबांची पेन्शन, मुलाचा साधा पगार, जुलैची फी डोक्यावर. नातू कॉलेजातला. तो म्हणाला, 'कर्ज काढू.' कोणी उत्तर देईना, तेव्हा तो आजोबांकडे वळून चिडून म्हणाला, 'उद्या तुम्ही आजारी पडलात, तर असाच हिशेब करायचा का?'

आम्ही सगळे गप्प. आजोबा शांतपणे म्हणाले, 'जरूर करा. फक्त मला विचारून करा.' मग टेबलावरच्या कुत्रीकडे बघून म्हणाले, 'हिला विचारता येत नाही. म्हणून हिच्याकडे नीट बघायला हवं.'

त्यांनी तसंच केलं. कातडीखाली सलाईन द्यायला आम्ही सुनेला शिकवलं. उलटीचं औषध चालू ठेवलं. घरात कॅलेंडरवर रोज एक खूण करायची ठरली. खाल्लं का, उठून बाहेर गेली का, हाक मारल्यावर शेपूट हलली का? चांगला दिवस असेल तर बरोबरची खूण, वाईट असेल तर फुली. तीन आठवडे बऱ्या खुणा होत्या. मग फुल्या वाढल्या. सलग चार फुल्या झाल्यावर नातवानेच फोन केला. डॉक्टर घरी गेले, सोबत आम्ही. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो. नातवाने तिचं डोकं मांडीवर धरलं होतं.

याला पाप म्हणायचं की पुण्य, हे प्रत्येक घराने आपापल्या देवासमोर ठरवावं. आम्ही एवढंच पाहिलं आहे की ठरवण्याचं टाळलं, तर भोगायचं काम त्या जिवाच्या वाट्याला येतं. कधी सकाळी दवाखान्याच्या फाटकाला बांधलेलं म्हातारं कुत्रं सापडतं. शेजारी वाटी, बिस्किटांचा पुडा, घडी घातलेली चादर. ही माणसं निर्दय नसतात. पैसे नाहीत हे तोंडाने सांगण्यापेक्षा त्यांना दोरी बांधणं सोपं वाटलेलं असतं. पण ते कुत्रं दिवसभर रस्त्याकडे बघत राहतं. सकारण नसताना जनावराला उपाशी-तहानलेलं राहील असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. आत या, तुम्हाला कोणी हसणार नाही.

मदतीच्या जागा आहेत. शासकीय पशुचिकित्सालयात शुल्क नाममात्र असतं. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे, तिथे शिकवणारे डॉक्टर रुग्ण तपासतात. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

आणि ज्यांच्या घरी नवीन पिल्लू येणार आहे, त्यांनी बाळगोपाळांसमोर आजच कबूल करावं. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झालं की पार्व्होची लस, मग ३-४ आठवड्यांनी पुन्हा, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस ३ महिन्यांनी, नंतर डॉक्टर सांगतील तशी. पार्व्होने पिल्लू गेलं असेल, तर लस पूर्ण न झालेलं दुसरं लगेच त्याच अंगणात आणू नका, कारण तो विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. मादीला पिल्लं नको असतील, तर वेळेवर शस्त्रक्रिया करून घ्या. म्हणजे गर्भाशयातल्या पुवाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय घरखर्चात दर महिन्याला थोडे पैसे त्याच्या नावाने बाजूला टाका. अंथरूण पाहून पाय पसरायचे असतात, हे खरं. पण अंथरूण केवढं आहे, हे पिल्लू घरी आणण्याआधी पाहायचं.

 गणपती बाप्पा मोरया!