धरण राहिलं, शाळा बंद झाली

(भोर येथे भोर-वेल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अफगाणिस्तानवर बोलायचं आणि तेही भोरमध्ये, म्हणून मी धरणापासूनच सुरुवात करतो. भाटघरच्या पाण्यावर बारामती-फलटणची शेती फुलली. पानशेतचं पाणी पुणे शहर पितं. जमिनी मात्र तुमच्या बुडाल्या. त्यामुळे काम किती मोठं झालं यापेक्षा ते कुणाच्या हाती राहिलं, हे आधी विचारायचं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हेरात प्रांतात हरिरूद नदीवर सलमा धरण आहे. १९७६ मध्ये काम सुरू झालं आणि युद्धामुळे रखडलं. भारताने ते पूर्ण केलं. ४ जून २०१६ रोजी उद्घाटन झालं. ४२ मेगावॅट वीज आणि ७५ हजार हेक्टर सिंचन अशी त्याची क्षमता. जरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आणि काबूलची संसदेची इमारतही भारतानेच बांधून दिली. या कामांचा मला अभिमान वाटतो.

आता बाकीच्या जगाचा हिशेब पाहू. डिसेंबर २००१ मध्ये जर्मनीतल्या बॉनमध्ये करार झाला, नवं सरकार आलं, नाटोच्या फौजा आल्या. एकट्या अमेरिकेने पुनर्उभारणीवर सुमारे १४५ अब्ज डॉलर घातले. त्यातला मोठा वाटा अफगाण सैन्य आणि पोलिसांवर गेला. पण त्या सैन्यात हजेरीपटावर नाव आहे, पगार निघतोय आणि माणूसच नाही, असे शिपाई होते. रोजगार हमीवरची बोगस हजेरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडलं.

याच काळात एक वेगळं कामही झालं. २००३ पासून राष्ट्रीय एकता कार्यक्रमात गावोगावी परिषदा निवडल्या गेल्या. विहीर हवी, पाट हवा की रस्ता, हे गाव ठरवायचं आणि पैसा परिषदेकडे यायचा. बायकांनाही त्यात जागा होती. आपल्या ग्रामसभेसारखंच हे. उणिवा होत्या, पण पैसा कुठे लागला हे गावाला विचारता येत होतं. जगाने अशा कामावर जास्त भर द्यायला हवा होता, असं माझं मत आहे.

आज तिथे मुलींना सहावीनंतर शाळा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद झाली. त्याच महिन्यात स्वयंसेवी संस्थांमध्ये काम करायला बायकांना मनाई झाली. परक्या पुरुषाशी बोलायची मुभा नसलेल्या विधवेच्या घरी मग धान्याची नोंद करायला जाणार कोण? म्हणजे हा हुकूम शिक्षणावर आणि घासावरही आला. आणि हे इस्लामच्या नावावर खपवू नका. विद्यापीठबंदी शरियतच्या विरुद्ध आहे, असं अल-अझहरच्या प्रमुख इमामांनीच जाहीर सांगितलं.

तुमच्यातले काही विचारतील, वेल्ह्याच्या वाडीतल्या मुलीची शाळा एसटीच्या एका फेरीवर अवलंबून असते, तिचं आधी बघा ना! जरूर बघू. पण ती फेरी मागताना आपण म्हणतो की शिकणं हा मुलीचा हक्क आहे. तो हक्क वाडीपुरता मागून कसा चालेल?

मग मदत बंद करायची का? मुळीच नाही. २०२२ मध्ये भारताने ५० हजार टन गहू पाठवायला घेतला आणि वाटपाचं काम संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे दिलं. ते योग्यच झालं. उपाशी पोराने तालिबान निवडलेलं नाही. अन्न आणि औषधाला अट घालू नये. अट घालायची ती मान्यतेला आणि मोठ्या करारांना.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताने काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. बोलणी होणार, ती व्हायलाच हवीत. त्या टेबलावर मुलींच्या शाळेचा विषय ठेवा, ही आपली पहिली मागणी. दुसरी पुण्यापुरती. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर अफगाण मुलं-मुली वर्षानुवर्षं पुण्यात शिकली आहेत. घरी अडकलेल्या मुलींसाठी शिष्यवृत्ती, व्हिसा आणि ऑनलाइन वर्ग, तिन्हींची सोय करा.

परराष्ट्र मंत्रालयाला द्यायच्या पत्राचा मसुदा दाराशी ठेवला आहे. वाचा, पटला तर सही करा. आणि एसटीच्या फेरीचा अर्जही शेजारीच आहे, त्यावरही करा.