हात हलवून खेळायचा फुटबॉल

(दहावी, २००४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि 'आपापल्या कामाबद्दल सांगा' अशी आज्ञा केली आहे. माझ्या आधी बियाण्यांवर बोलणं झालं, रोलिंग मिलवर झालं. जालन्याच्या माणसाला हे दोन्ही विषय समजावून सांगावे लागत नाहीत. माझं काम मात्र घरीसुद्धा धड कुणाला कळलेलं नाही. मी पुण्यात व्हिडिओ गेम तपासतो. गेम बाजारात जाण्याआधी तो पुन्हा पुन्हा खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधून लिहून द्यायच्या. आई पाहुण्यांना अजूनही 'तो कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते. सरांना तर वाटेल, ज्या गोष्टीसाठी ह्याला छड्या मारल्या, त्याचाच ह्याला पगार मिळतो!

आज एकाच लहानशा गोष्टीवर बोलतो. फुटबॉलचा व्हिडिओ गेम बटणं दाबून खेळायचा की हात-पाय हलवून, ह्यावरून जगभरच्या शौकिनांमध्ये काही वर्षं चांगलाच वाद झाला. वाद पोरकट वाटेल, पण त्यातून मी जे शिकलो ते आपल्या शाळेच्या कामाचं आहे असं मला वाटतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना स्टेशनच्या बाजूचं ते गेमचं दुकान आठवत असेल. मुलींना आठवणार नाही, कारण तिथं मुली येतच नसत. एक लहानशी खोली, तीन टीव्ही, तीन प्लेस्टेशन, तासाचा दर ठरलेला आणि लाईट गेली की उरलेल्या मिनिटांवरून भांडण. तिथं आम्ही फुटबॉल शिकलो. खऱ्या मैदानावर आपण क्रिकेटवाले. आझाद मैदानावर फुटबॉल क्वचितच दिसायचा. पण त्या खोलीत पासला कोणतं बटण, लांब पासला कोणतं, शॉटसाठी बटण किती वेळ दाबून ठेवायचं, हे सगळं बोटांत भिनलं होतं. मनात 'पास' आलं की अंगठा खाली गेलेला असायचा. हे एका दिवसात येत नाही. त्याला दोन-तीन वर्षं आणि घरच्यांचे पुष्कळ पैसे लागतात.

आता जरा जालन्याबाहेर. २००६ च्या नोव्हेंबरात निन्टेंडो ह्या जपानी कंपनीने 'वी' नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा, एका हातात धरायचा. हात कसा हलला हे ओळखणारा सेन्सर त्याच्या आत होता, आणि पुढे बसवलेल्या कॅमेऱ्यामुळे तो पडद्यावर कुठे रोखला आहे हेही यंत्राला कळायचं. टेनिस खेळायचं तर रॅकेटसारखा हात फिरवायचा, बोलिंग खेळायचं तर चेंडू सोडल्यासारखा. लोक इतक्या जोशात खेळले की रिमोट हातातून सुटून टीव्हीवर जाऊन आदळू लागले. महिनाभरातच कंपनीने मनगटाला बांधायच्या दोऱ्या बदलून जाड केल्या. सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी तिला करावी लागली. पण यंत्र प्रचंड खपलं, दहा कोटींहून जास्त. ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता असे आजी-आजोबा त्यावर खेळू लागले.

टेनिस आणि बोलिंग हे हाताचे खेळ, म्हणून तिथं ते शोभलं. फुटबॉलची पंचाईत झाली. खेळ पायाचा आणि यंत्र हातात! २००७ च्या अखेरीला आलेल्या 'फिफा ०८'च्या वी आवृत्तीत रिमोटला झटका दिला की शॉट. जुन्या खेळाडूंना हे रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बटण दाबलं की ते दाबलं गेलेलंच असतं, त्यात शंका नाही. झटक्याचं तसं नाही. तो हलका होता की जोराचा, मुद्दाम होता की हात सहज हलला, ह्याचा अंदाज यंत्राला बांधावा लागतो आणि तो कधी कधी चुकतो. समोर मोकळा गोल असताना अंदाज चुकला तर माणूस रिमोट फेकणारच. शिवाय दोन-तीन सामन्यांनंतर खांदा भरून येतो तो वेगळाच. 'बटणाचं काम हाताला दिलं, मिळालं काय?' हा त्यांचा प्रश्न होता, आणि मला तो आजही रास्त वाटतो.

पण २००८ मध्ये त्याच यंत्रावर 'प्रो इव्होल्यूशन सॉकर'ची आवृत्ती आली आणि चर्चेचा सूर बदलला. कोनामी कंपनीच्या लोकांनी हात हलवण्यापेक्षा रिमोट रोखण्यावर भर दिला. पडद्यावर बोट दाखवल्यासारखा रिमोट रोखायचा आणि सांगायचं, 'तू तिकडे पळ, चेंडू ह्या मोकळ्या जागेत जाऊ दे.' शॉटसाठी दुसऱ्या हातातल्या जोडीला झटका होताच, पण खरी गंमत रोखण्यात होती. बटणांच्या खेळात तुम्ही एका वेळी मुख्यतः एकच खेळाडू चालवता, बाकीचे दहा आपल्या मनाने पळतात. इथं चेंडू एकाकडे असताना दुसऱ्याला गोलाकडे पाठवता येऊ लागलं. जे आधी नाकं मुरडत होते त्यांच्यातलेच बरेच जण म्हणू लागले, की हा फुटबॉल निराळा आहे, डोक्याने खेळायचा आहे. वर्षानुवर्षं कमावलेली बोटांची सवय इथं उपयोगी पडत नव्हती, पण फुटबॉलची समज मात्र पडत होती.

ह्या दोन गेममधला फरक लक्षात घ्या. शौकिनांचा राग नव्या पद्धतीवर नव्हता. जुनं काढून घेऊन बदल्यात काहीच न देणाऱ्या पद्धतीवर होता. नवं काही मिळालं तिथं तेच लोक पुन्हा शिकायला बसले. आपल्याकडे कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर काय वातावरण असतं ते कुणी पाहिलं असेल तर कळेल. खेळावर जीव असणारा माणूस खेळात कुणी हात घातला की आधी भांडतो. तो भांडतो ह्याचा अर्थ तो बदलाच्या विरुद्ध आहे असा काढू नये.

पुढची पायरी २०१० ची. मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' आणलं. आता हातात काहीच नको. टीव्हीजवळ ठेवलेला कॅमेरा तुमच्या शरीराचे सांधे ओळखतो आणि तुमचं शरीर हाच रिमोट. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग खपले आणि गिनीज बुकात विक्रमाची नोंद झाली. त्यावरच्या 'किनेक्ट स्पोर्ट्स'मध्ये फुटबॉल होता आणि अखेर पायाने खेळायचा होता. खरोखर लाथ मारायची, आडवं होऊन चेंडू अडवायचा. लहान मुलं आणि पाहुणे मंडळी खूश. जुने खेळाडू पुन्हा नाराज, कारण मैदानभर पळणं यंत्र स्वतःच करायचं, आपण फक्त चेंडू पुढे ढकलायचा. आणि पाय हलला तरी पडद्यावरचा पाय किंचित उशिरा हलायचा. हा उशीर डोळ्याला फारसा दिसत नाही, पण मुरलेल्या खेळाडूला तो दाताखाली खडा आल्यासारखा लागतो. शिवाय कॅमेऱ्यासमोर सहा-आठ फूट मोकळी जागा हवी. जुन्या जालन्यातल्या आपल्या घरांच्या बैठकीत तेवढी जागा करायची म्हणजे दिवाण अंगणात काढावा लागेल! २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादन बंद झालं.

आता मला आपल्या वर्गातल्या एका मित्राबद्दल सांगायचं आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घेणार नाही. तुम्ही ओळखालच. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याला उभं राहता येत नसे. पी.टी.च्या तासाला तो कडुनिंबाखाली बसून सगळ्यांच्या वह्या आणि घड्याळं सांभाळायचा. पण गेमच्या दुकानात त्याच्याशी खेळायला रांग लागायची. शहरातली मोठी मोठी पोरं त्याला हरवायला यायची आणि हरून जायची. त्या खोलीत त्याच्या पायांचा प्रश्न कधी आलाच नाही. अंगठे सगळ्यांचे सारखे होते, त्याचे जास्त चलाख.

काही वर्षांनी एका नातेवाइकाच्या घरी शरीराच्या हालचालीवर चालणारं एक यंत्र आलं. मी हौसेनं त्याला बोलावलं. यंत्राने पडद्यावर माणसाची आकृती दाखवली आणि उभं राहायला सांगितलं. खुर्चीत बसलेला माणूस त्याला नीट उमगेना. आम्ही दहा मिनिटं खटपट केली. मग तो शांतपणे म्हणाला, की तुम्ही खेळा, मी गुण लिहितो. ज्या खेळात तो आमचा कप्तान होता, त्याच खेळात तो पुन्हा कडुनिंबाखाली जाऊन बसला.

त्याच संध्याकाळी त्याच घरात एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. बटणांचा रिमोट त्यांनी कधी हातात घेतला नसता. त्या पदर खोचून उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक गोल मारला. आयुष्यातली पहिली लाथ असावी. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी खोटा कसा म्हणू?

म्हणून 'बटण चांगलं की हालचाल चांगली' ह्या वादात मी आता पडत नाही. एकच दार आजींसाठी उघडतं आणि माझ्या मित्रासाठी बंद होतं. तपासताना मी एवढंच पाहतो, की नवं दार काढताना जुनं लिंपून टाकलं का? ह्याची चांगली उदाहरणं आहेत. 'फिफा ०९'च्या वी आवृत्तीत नवख्यांसाठी सोपी आणि जाणत्यांसाठी प्रगत अशा दोन पद्धती होत्या. आजी आणि नातू एका सोफ्यावर बसून आपापल्या पद्धतीने खेळू शकत. किनेक्टच्या संगणकावरच्या प्रणालीत बसलेल्या माणसाचं वरचं शरीर ओळखण्याची सोय २०१२ मध्ये आली. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच अपंग खेळाडूंसाठी एक खास कंट्रोलर काढला. त्याला मोठी बटणं, पायाने दाबायचे पेडल, जे ज्याला जमेल ते जोडता येतं. हालचालीचा फुटबॉलही संपला नाही. २०२२ च्या 'निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स'मध्ये मांडीला पट्टा बांधून खरोखर लाथ मारता येते, आणि ज्याला ते नको त्याला हातात धरून खेळता येतं. पंधरा वर्षांच्या भांडणातून एवढं शहाणपण आलं, आणि त्यात कुरकुर करणाऱ्या शौकिनांचा वाटा मोठा आहे. ते गप्प बसले असते तर कंपन्यांना काही कळलं नसतं.

आता आपल्या शाळेकडे येतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला 'महाराष्ट्र मिशन १ मिलियन'च्या निमित्ताने राज्यभर शाळाशाळांतून मुलं फुटबॉल खेळली. ती फार चांगली गोष्ट झाली. आज आपली तुकडी मैदानासाठी निधी जमवते आहे. संयोजकांनी दिलेल्या यादीत गोलचे खांब आहेत, जाळी आहे, सपाटीकरण आहे, कुंपण आहे. सगळं हवंच आहे. त्यातलं काहीही कमी करा असं मी म्हणत नाही.

माझी विनंती दोन गोष्टी वाढवण्याची आहे. इमारतीतून मैदानात उतरायला आजही पाच पायऱ्या आहेत. सकाळी मी मोजून आलो. तिथं शेजारी एक उतार करावा, चाकाची खुर्ची एकट्याने नेता येईल इतका सौम्य आणि कठडा असलेला. पायऱ्या तशाच राहू द्या, त्यांवर बसून डबे खाणाऱ्या मुलांचं काय करणार! आणि दुसरी गोष्ट, खेळाच्या तासाला कुणालाही वह्या सांभाळायला बसवू नये. मैदानावर ज्याला जमत नाही त्याच्यासाठी त्याच तासाला बुद्धिबळ, कॅरम, हवं तर दोन बटणांचा व्हिडिओ गेमसुद्धा ठेवावा, आणि त्याचेही सामने, त्याचेही कप आणि प्रार्थनेच्या वेळी त्याचंही नाव पुकारलं जावं. सरांनी छडी उगारू नये, गेमचा खर्च मी करीन.

उताराच्या खर्चाचा अंदाज आपल्याच वर्गातल्या बांधकामवाल्या मित्राने काढून दिला आहे. कागद खजिनदारांच्या टेबलावर आहे आणि माझी वर्गणी त्या खात्यात जमा झाली आहे. जेवणाआधी त्या टेबलाजवळ रांग लागली तर मला फार बरं वाटेल.