खिमा तोच, चरबी कमी



दिल्लीच्या थंडीत मटणाच्या खिम्यावर तुपाची धार सोडणारी आमची पिढी आता रक्तदाबाच्या गोळ्या मोजू लागली आहे. म्हणून रात्रीच्या जेवणात आम्ही कोंबडीचा खिमा स्वीकारला. आय.एन.ए. बाजारात तो कातडी काढून, डोळ्यांदेखत करवून घ्यावा. कातडीसह केल्यास चरबी परत येतेच. चरबी कमी झाली की खिमा कोरडा पडतो. कांदा, दही आणि हिवाळ्यातील कोवळे मटार त्याला ओलावा देतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली मीठही दिवसाला ५ ग्रॅमपर्यंतच ठेवावे असे सुचविले आहे. ती उणीव मालवणी मसाला भरून काढतो. मुलांना घरची चव मिळावी आणि ती देणारी माणसेही दीर्घकाळ पंक्तीला असावीत, एवढीच आमची प्रार्थना.